ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांची जोड

उसाचें गाळप सुरू झालें म्हणजे कारखान्याकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. बैलजोडी घेतांना आपण दोन्ही बैलांची उंची, चाल आणि ताकद पारखून घेतों. परंतु ट्रॅक्टरमागें ट्रॉली जोडतांना मात्र ‘ओढतो ना?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. ओढणें ही अर्धीच गोष्ट होय. जें ओढलें तें थांबवितांही आलें पाहिजे.

समजा, दोन टन वजनाचा ट्रॅक्टर आहे आणि मागें उसासह दहा टनांची ट्रॉली आहे. एकूण ओझें बारा टन. वीस फुटांस एक फूट असा उतार लागला, तर हें ओझें सुमारें 600 किलोच्या जोरानें खालीं लोटूं लागतें. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांना असतात. त्या चाकांवर सव्वा टन वजन येतें आणि रस्त्यावरील वाळू-चिखलामुळें पकड त्याच्या निम्मीच मिळते असें धरलें, तर ब्रेकचा जोर भरतो 625 किलो. ओझें जेमतेम तोलून धरलें जाईल. थांबविण्यास कांहीं उरत नाहीं. अश्वशक्तीचा येथें उपयोग नाहीं. उपयोग आहे तो ट्रॅक्टरच्या वजनाचा, आणि त्याहून अधिक ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असण्याचा.

इंग्लंडांत मोटारीमागें चाकांवरचें घर जोडून हिंडणारे हौशी लोक आहेत. नवख्यानें त्या घराचें भरलेलें वजन मोटारीच्या वजनाच्या शेंकडा 85 हून अधिक होऊं देऊं नये, असा त्यांच्यांत संकेत आहे. आपण मात्र पांचपट वजन निर्धास्तपणें जोडतों. आपला वेग कमी असतो हें खरें. पण वेग दुप्पट केला कीं ब्रेक लागल्यापासून थांबण्याचें अंतर चौपट होतें, हा नियम सर्वांस सारखाच.

भार कोठें पडतो हेंही पाहावें. ‘उलाळ’ गाडी म्हणजे काय, हें बैलगाडी हांकलेल्यास सांगणें नको. दोनचाकी ट्रॉलींत मागच्या बाजूस ऊस अधिक रचला, तर दांडी हुकास वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली झोले घेऊं लागते. उलट पुढें अति भार झाला, तर ट्रॅक्टरचें तोंड उचलतें व सुकाणू हलकें पडतें. दांडी नेहमीं खालच्या हुकासच जोडावी. उंच जागीं जोडलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरला मागें उलथवूं शकते.

माझाच एक प्रसंग सांगतों. डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून टाकण्याची खोड मलाही होती. एका संध्याकाळीं ओढ्याच्या उतारावर वेग वाढला, म्हणून मीं ब्रेक दाबला. शेतांतून निघतांना दोन्ही ब्रेकांचीं पेडलें जोडणारी कडी लावावयाची राहिली होती, त्यामुळें उजवें चाकच तेवढें धरलें गेलें. मागून ट्रॉलीनें रेटा दिला, हुकाशीं घडी पडली आणि ट्रॅक्टर आडवा होऊन शेजाऱ्याच्या बांधावर टेकला. त्याच बांधावरून आमचें दोन वर्षें भांडण चालू होतें! तेव्हांपासून ज्या गिअरांत चढ चढतों, त्याच गिअरांत तो उतरतों, आणि गिअर उताराच्या आधींच बदलतों. रस्त्यावर येण्यापूर्वीं ती कडी हातानें चाचपून पाहतों.

खिळीला चाप, दांडीला जोडसांखळी आणि ट्रॉलीच्या पाठीमागें तांबडे परावर्तक असावेत, हें सर्वांस ठाऊकच आहे. पाचटाखालीं ते परावर्तक झांकले जातात, एवढेंच ध्यानांत ठेवावें.

हुकावर किती भार पडतो, हें कारखान्याच्या वजनकाट्यावर काढतां येतें. प्रथम ट्रॅक्टरसह भरलेल्या ट्रॉलीचें वजन घ्यावें. नंतर ट्रॅक्टर पुढें काढून, जोड न सोडतां, ट्रॉलीचीं चाकें तेवढीं काट्यावर ठेवावीं. ऊस उतरल्यावर ट्रॅक्टर सोडून तो एकटा तोलावा. पहिल्या वजनांतून पुढचीं दोन्ही वजनें वजा केलीं कीं हुकावरचा भार मिळतो. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंतील मर्यादेशीं ताडून पाहावा. रांग मोठी असली तर मागचे गाडीवान कुरकुर करतील; तेव्हां हें काम हंगामाच्या पहिल्या दिवसांतच उरकावें.