इंजिनांचीं टोपणनांवें

बारशाचें नांव ठेवावें लागतें. हाक मारण्याचें नांव मात्र आपोआप पडतें. वाफेच्या इंजिनांचेंहि असेंच होतें. कंपनीनें पितळी पाटीवर कोरलेलें नांव एक, आणि ड्रायव्हर-फायरमनच्या तोंडचें दुसरें.

१८१३-१४ च्या सुमारास विल्यम हेडले यानें न्यूकॅसलजवळच्या वायलम येथील कोळशाच्या खाणीसाठीं जें इंजिन बांधलें, त्याला लोक ‘पफिंग बिली’, म्हणजे धापा टाकणारा बिली, म्हणूं लागले. वापरलेली वाफ दट्ट्याच्या हालचालीबरोबर धुरांड्यांतून भसाभस बाहेर पडे. धाप ती हीच. बिली हें विल्यमचेंच घरगुती रूप. हें इंजिन लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आजहि उभें आहे.

कांहीं नांवें रूपावरून पडलीं. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या एका जातीच्या मालगाडी-इंजिनांवर, चाकावरील आच्छादनास, कंपनीचें मानचिन्ह रंगविलेलें असे. चित्रकारानें मेहनत घेतली खरी; पण दुरून तें फुलकोबीच्या गड्ड्यासारखें दिसे. झालें, ‘कॉलिफ्लॉवर’ हें नांव चिकटलें! १९४१ पासून सदर्न रेल्वेनें आपल्या सपाट अंगाच्या नव्या इंजिनांना जहाज-कंपन्यांचीं भारदस्त नांवें दिलीं; कामगारांना त्यांत ‘स्पॅम’ या डबाबंद मांसाचा डबाच दिसला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील युनियन पॅसिफिक रेल्वेसाठीं सुमारें १३२ फूट लांबीचें प्रचंड इंजिन तयार होत असतां कारखान्यांतील एका कामगारानें त्याच्या तोंडावर खडूनें ‘बिग बॉय’ असें लिहिलें. त्या जातीच्या पंचवीसहि इंजिनांना पुढें तेंच नांव राहिलें.

सर्वांत विलक्षण कथा ‘मिकॅडो’ची. १८९७ सालीं जपानच्या निप्पॉन रेल्वेनें फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याकडून इंजिनें मागविलीं. तेथील कोळसा हलका. तो जाळावयास भट्टी रुंद हवी. म्हणून ती मोठ्या चाकांच्या मागें नेली आणि तिचा भार पेलण्यास दोन लहान चाकें जोडलीं. पुढें दोन, मध्यें आठ, मागें दोन अशी ही रचना अमेरिकेंत फार लोकप्रिय झाली. जपानच्या सम्राटास पाश्चात्य लोक मिकॅडो म्हणत. १८८५ सालच्या एका इंग्रजी संगीत नाटकानें तर तो शब्द घरोघरीं पोंचविला होता. इंजिनालाहि तेंच नांव मिळालें, आणि कामगारांनीं त्याचें ‘माइक’ केलें.

डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. आतां शत्रूच्या राजाचें नांव स्वतःच्या इंजिनावर कसें खपावें? कित्येक अमेरिकन रेल्वे कंपन्यांनीं या जातीस जपान्यांशीं लढणाऱ्या सेनापतीचें, ‘मॅकआर्थर’ हें नांव दिलें. इंजिनाचा एक खिळाहि बदलला नव्हता.

त्याच युद्धांत अशाच चक्ररचनेचीं अमेरिकन इंजिनें भारतांत मीटरगेज मार्गांवर, विशेषतः आसामकडे, आलीं. तींहि ‘मॅकआर्थर’च. रेल्वेच्या दप्तरांत मात्र त्यांची नोंद ‘एम्. ए. डब्ल्यू. डी.’ अशा चार कोरड्या अक्षरांत झाली.