भरतीची वाट (भाग 4) : साडेपाच मिनिटं आणि एक फाइल

मागच्या भागात आपण अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा पाहिली. जनरल ड्युटीसाठी एक तासात 50 प्रश्न, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. 2025 पासून हा पेपर मराठीतही देता येतो. त्यात निवड झालेल्यांनाच ग्राउंडला बोलावणं येतं. बीड जिल्ह्याची भरती पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहे. परळीचा मुलगा तिथे कमी पडतो तो हिमतीत नव्हे, काही सेकंदांत किंवा एखाद्या कागदात. आज त्याविषयीच.

आधी धाव. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण 60 गुण. त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण घटतात. 400 मीटरच्या मैदानावर हे चार फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 82 सेकंद. घोळका सुटला की पोरं पहिला फेरा 70 सेकंदांत मारतात आणि तिसऱ्यात छाती भरून येते. म्हणून घड्याळ लावून फेऱ्यांची सवय करा: पहिले तीन फेरे एकाच चालीत, जोर चौथ्यात.

पळायचं कुठे, हाही प्रश्न आहे. पहाटे अंबाजोगाई रस्त्याच्या कडेने पळणं सोयीचं वाटतं, पण अंधारात ट्रकचा धोका असतो, औष्णिक केंद्राच्या राखेची धूळ छातीत जाते आणि डांबरावर रोज पळून नडग्या धरतात. शाळेचं मैदान किंवा मोकळं रान गाठा. दोरीने 100 मीटर मोजून खुणा करा. आठवड्यात एक दिवस पायांना पूर्ण विश्रांती द्या.

धावेनंतर बीम. दहा पुलअप्सना 40 गुण, पण झोके देऊन काढलेले मोजत नाहीत. सराव धाव संपल्यावर, दमलेल्या हातांनी करा, कारण भरतीतही तसंच असतं. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, पण ते पार करावेच लागतात. आपल्या भागासाठी उंची 168 सेंटिमीटर लागते. छाती 77, आणि फुगवून 5 सेंटिमीटर वाढली पाहिजे.

आता फाइल. आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्या फिरतीत मुलाची शाळा बदलते, दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं पडतं, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक राहतो. भरतीत दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि तारीख धरतात. चूक तिथेच असेल तर शाळेमार्फत बोर्डाच्या छत्रपती संभाजीनगर विभागाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून आज रात्रीच दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. अधिवास आणि जातीचा दाखला वेळेत काढा. सरपंच किंवा नगरसेवकाकडचं चारित्र्य आणि अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र मात्र घाईने घेऊ नका. ते सहा महिन्यांच्या आतलंच चालतं.

आई-वडिलांना एक विनंती. "साहेब ओळखीचे आहेत, काम करून देतो" म्हणणारा भेटला तर ऊसतोडीची उचल त्याच्या हातात देऊ नका. ऑनलाइन पेपर संगणक तपासतो, धाव घड्याळ मोजतं. यात मधल्या माणसाचं काहीच काम नाही. तेच पैसे मुलाच्या दूध-अंड्यांवर आणि चांगल्या बुटांवर खर्च करा.

पुढच्या भागात मेडिकल: सपाट तळवे, गुडघे, डोळे आणि गोंदण. तोवर रोजचा फेरा सेकंदांसह वहीत लिहून ठेवा.