केशवानंद भारती सगळ्यांनाच सापडतो

कायद्याच्या डेटाबेसचा डेमो द्यायला आलेला प्रतिनिधी हमखास ‘केशवानंद भारती’ शोधून दाखवतो. २४ एप्रिल १९७३चा, तेरा न्यायमूर्तींचा निकाल क्षणात पडद्यावर येतो, समोरचे प्राध्यापक माना डोलावतात, चहा येतो. मी विधी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चहा संपला की मी माउस स्वतःकडे मागून घेते. केशवानंद भारती फुकटातही मिळतो. दरवर्षी एवढी मोठी वर्गणी भरायची, तर जे सहज सापडत नाही ते सापडलं पाहिजे.

माझी पहिली परीक्षा ‘एशियन रिसरफेसिंग’ची. दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला मिळालेली स्थगिती वाढवून घेतली नाही, तर सहा महिन्यांनी ती आपोआप उठेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये या निकालात म्हटलं होतं. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते मोडीत काढलं. तेव्हा २०१८चा निकाल उघडताच ‘हा आता कायदा नाही’ अशी ठळक खूण वर दिसते का? नव्या निकालावर तिथूनच जाता येतं का? ही खूण नसेल, तर त्या निकालाची प्रिंट घेऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या ज्युनिअरची फजिती ठरलेली.

दुसरी परीक्षा नव्या कायद्यांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं ४२० कलम ३१८(४) झालं. नवं कलम टाकल्यावर ४२० खालचे जुने निकालही समोर यायला हवेत. तिसरी परीक्षा संदर्भांची. पुण्यातला जुना वकील ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चा किंवा नागपूरच्या ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’चा खंड आणि पान तोंडपाठ सांगतो. तेवढ्यावरून निकाल निघाला नाही, तर तो डेटाबेस आमच्या भागात निम्माच कामाचा.

मग पैसे नेमके कशाचे मोजायचे? याचं उत्तर एका खटल्यातच आहे. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ काढते. त्यातला मजकूर सीडीवर घालून विकणाऱ्यांविरुद्ध कंपनी कोर्टात गेली. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २००७ रोजी निवाडा दिला. न्यायमूर्तींनी लिहिलेल्या मूळ मजकुरावर प्रकाशकाची मालकी नाही. पण संपादकांनी पाडलेले परिच्छेद आणि त्यांचे क्रमांक, कोणते न्यायमूर्ती सहमत आणि कोणते असहमत याच्या नोंदी, ही त्यांची बौद्धिक मेहनत आहे, असं न्यायालयानं मानलं. म्हणजे वर्गणी भरायची ती या मेहनतीसाठी. निकाल तुमचा-आमचाच आहे.

ही वर्गणी म्हणजे भाड्याचं घर. थकली की बाहेर. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे १९१४ पासूनचे खंड एकदा घेतले की कपाटात राहतात, डेटाबेसचं तसं नाही. त्यामुळे करारात मी आधी पाहते ते असं: एका वेळी किती जण वापरू शकतील, विद्यार्थ्याला घरून उघडता येईल का, आणि पुढच्या वर्षी दर किती वाढेल. छापील किंमत कुणीच सांगत नाही. घासाघीस करणाऱ्याला एक दर आणि न करणाऱ्याला दुसरा.

सगळ्यात महाग असतात ते आर्थिक आणि कायदेशीर माहिती एकत्र देणारे डेटाबेस. कंपन्यांचे ताळेबंद, भागधारक, सेबीचे आदेश, सगळं एका छताखाली. शेअर बाजाराच्या माहितीसाठी ओळखलं जाणारं ब्लूमबर्गही अमेरिकेत कायद्याचा डेटाबेस विकतं. मोठ्या लॉ फर्मला ते परवडतं, कारण तिथं तासाचे पैसे लागतात. महाविद्यालयाला? सेबीचे आदेश तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि एखाद्या कंपनीनं दाखल केलेले कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपयांत पाहता येतात. कंपनी कायद्यावर संशोधन करणारे विद्यार्थी असतील तर असा डेटाबेस जरूर घ्यावा. मूल्यांकन समितीला दाखवण्यासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

मी वारजे माळवाडीत राहते. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एका तरुण वकिलाचं ऑफिस आहे. त्यानं विचारलं, ‘‘मॅडम, मी कोणता घेऊ?’’ मी म्हटलं, ‘‘आधी तुझी कामं सांग.’’ कामं म्हणजे चेक बाउन्स, भाडेकरूंचे वाद आणि आमच्यासारख्या सोसायट्यांचं डीम्ड कन्व्हेयन्स. परदेशी निकालांचं पॅकेज त्याच्या काय कामाचं? त्याला हवेत मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचचेसुद्धा. त्याला म्हटलं, याच तीन विषयांचे प्रश्न घेऊन बस, आठवडाभर ट्रायल माग आणि मगच चेक फाड.

आता प्रत्येक पॅकेजला एआय जोडून येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात ज्या निकालांचा आधार घेतला होता, ते मुळात अस्तित्वातच नव्हते. म्हणून एआयनं दिलेला प्रत्येक संदर्भ मी उघडून पाहते. मूळ निकाल उघडला नाही, तर त्या सोयीला माझ्याकडून शून्य गुण.

आणि जे वकील नाहीत त्यांच्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाचा ‘ई-एससीआर’ हा निकालसंग्रह जानेवारी २०२३ पासून सर्वांना मोफत खुला आहे, ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ २००८ पासून आहे, उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. तुमच्या खटल्याच्या निकालाची नुसती वाचायला प्रत हवी असेल, तर त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.