सोळा कलमांचा कागद

ब्लीचच्या बाटलीची भीती कोणालाच वाटत नाही, कारण ती किराणा सामानाबरोबर घरात येते. डाळ-तांदळाच्या पिशवीत बसते ती वस्तू घातक असेल, हे मनाला पटत नाही. पण तेच द्रव्य कचेरीत, इस्पितळात, मॉलमध्ये मोठ्या कॅनमधून येते आणि दिवसाकाठी वीस-वीस संडास धुणाऱ्या बाईच्या हाती पडते. घरात महिन्याकाठी दोन झाकणे वापरणारी गृहिणी आणि ही बाई, दोघींची बाटली एकाच नावाची असली तरी दोघींचा धोका एक नव्हे.

या कॅनसोबत एक कागद असतो किंवा असायला हवा. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक. त्याची सोळा कलमे असतात आणि त्यांचा क्रम जगभर एकच असावा, असा आराखडा संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर कारखाने कायद्यात १९८७ साली बदल झाले आणि धोक्याची माहिती कामगाराला देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. १९८९च्या नियमांना तर या माहितीपत्रकाचा नमुनाच जोडलेला होता. हे सारे झाले कारखान्यांसाठी. संडास धुणारी बाई मात्र कारखान्यात नसते.

बँकेत हयात घालवल्यामुळे बारीक अक्षर वाचायची मला खोड आहे. आमच्या सोसायटीच्या सफाईचे कंत्राट नव्याने दिले तेव्हा मी कंत्राटदाराकडे हा कागद मागितला. चार दिवसांनी नऊ पानी इंग्रजी मजकूर आला. कर्जाच्या करारपत्राशी त्याचे नाते मला लगेच जाणवले. निम्मा मजकूर कंपनीच्या स्वतःच्या बचावासाठी आणि उरलेला ज्याच्या जिवाशी संबंध आहे त्याच्यासाठी, पण त्याला न कळणाऱ्या भाषेत! सफाईला येणाऱ्या ताईंना मी जिन्यात बसवून घेतले आणि आम्ही दोघांनी तो वाचायला काढला.

जळण्याचा बिंदू, वाहतुकीचा क्रमांक वगैरे आम्ही भराभर उलटले. थांबलो तिसऱ्या कलमावर, द्रव्य किती तीव्र आहे त्यावर. घरच्या बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट साधारण चार-पाच टक्के असते, कॅनमधल्या मालात दहा-बारा टक्केही असू शकते. "म्हणजे घरच्या मापानं इथं ओतायचं नाही," ताई म्हणाल्या. बरोबर.

सातवे कलम साठवणीचे. ऊन आणि उष्णता यांनी ब्लीचची ताकद कमी होत जाते, म्हणून कॅन सावलीत, गार जागी ठेवावा. वाचायला किरकोळ वाटते, पण आमचा कॅन गच्चीच्या दारात उन्हात असे. ताकद गेलेल्या ब्लीचने डाग निघत नाही. मग बाई काय करते? वरून ॲसिड ओतते. हे मी कल्पनेने लिहीत नाही, ताईंनीच सांगितले. "दोन्ही एकत्र केलं की झणझणीत वास येतो. वास आला की सुपरवायझरला वाटतं, काम झालं."

तो झणझणीत वास क्लोरीनचा. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. प्रमाण वेगळे, वायू तोच. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचतो, आणि फरशी घासणारी बाई ओणवी किंवा उकिडवी असते. खिडकी नसलेल्या संडासात तिचे नाक नेमके त्याच थरात. तोंडाला बांधलेला पदर किंवा कापडी मास्क वायू अडवत नाही. दहाव्या कलमात हे एका ओळीत दिले आहे : आम्लाशी संपर्क टाळावा, विषारी वायू निर्माण होतो. अमोनियाशीही टाळावा, आणि काचा पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. माझ्या मते नऊ पानांतली ही सर्वांत मोलाची ओळ, आणि ती होती सहाव्या पानाच्या तळाशी.

आठव्या कलमात 'योग्य हातमोजे वापरावेत' असे होते. माझ्या टेबलावर कोणी 'योग्य तारण' एवढेच लिहून अर्ज आणला असता तर मी तो तसाच परत केला असता. चांगले माहितीपत्रक हातमोजे कशाचे हवेत तेही सांगते, उदाहरणार्थ नायट्राइलचे. आणखी एक खोच अकराव्या कलमात असते, 'माहिती उपलब्ध नाही'. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. तपासून पाहिले नाही, एवढाच.

चौथे कलम प्रथमोपचाराचे. डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. ताई हसल्या. "इतका वेळ नळ कोण सोडू देतंय काका?" वायू छातीत गेला तर आधी मोकळ्या हवेत यावे. खोकला थांबला म्हणून निर्धास्त राहू नये, फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो. डॉक्टरकडे जाताना हा कागद किंवा बाटली सोबत न्यावी. पोटात गेले तर उलटी करवू नये.

हे कलमवार न वाचल्याने काय होते ते २०२०च्या मार्चअखेरीस साऱ्या देशाने पाहिले. बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइट फवारले गेले. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये पत्रक काढून सांगावे लागले.

आम्ही त्या नऊ पानांचे एक पान केले. मराठीत, ठळक अक्षरांत, वर लाल चौकटीतले ते चित्र : परीक्षानळीतून थेंब पडतो आहे आणि हात झिजतो आहे. पाच ओळी, खाली फोन क्रमांक. कंत्राटदाराने विचारले, "यावर सही कोणाची घ्यायची?" ताईंनी त्याची एक प्रत मागून घेतली. दुपारनंतर त्या एका कचेरीत जातात. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "काका, तिथं कागद लावला भिंतीला. पण तिथं ब्लीच शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवतात, ॲसिडही तसल्याच बाटलीत. कुठली कुठली ते वास घेऊन ओळखायचं."