मायकेलएंजेलोच्या रंगांसाठी सात हजार दिवे

चर्चमधले जुने दिवे काढून एलईडी बसवायचे म्हटले की चर्चा वीजबिलापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये मात्र २०१४ साली झालेल्या दिवेबदलाची सुरुवात रंगांपासून झाली.

मायकेलएंजेलोने १५०८ ते १५१२ या काळात इथले छत रंगवले, तेव्हा उंचावरच्या खिडक्यांतून दिवसाचा उजेड आत येत होता. पुढे चौदा वर्षे चाललेल्या साफसफाईत मेणबत्त्यांची काजळी आणि जुन्या सरसाचे थर निघाले व १९९४ पर्यंत मूळचे झळाळते रंग पुन्हा वर आले. पण उन्हाने भित्तिचित्रांना इजा होऊ नये म्हणून खिडक्यांतला उजेड अडवावा लागला होता आणि हॅलोजनचा प्रकाश तोकडा पडत होता. मान उंचावून पाहणाऱ्यांना सुमारे २० मीटर उंचीवरची ती चित्रे मंदच दिसत.

ओस्राम कंपनीने युरोपीय महासंघाच्या मदतीने हे काम हाती घेतले. हंगेरीच्या पॅनोनिया विद्यापीठातील संशोधकांनी चित्रांवरच्या सुमारे २८० ठिकाणी रंगद्रव्ये मोजली. कोणता रंग कोणत्या लहरी परत फेकतो हे कळल्यावर त्यानुसार प्रकाशाचा वर्णपट ठरला. लाल, हिरवे, निळे आणि उबदार पांढरे एलईडी एकत्र करून प्रकाशाची छटा हवी तशी जुळवता येते. असे सुमारे ७,००० एलईडी खिडक्यांखालच्या कॉर्निसवर, खालून दिसणार नाहीत असे बसवले आहेत. त्यांच्या झोतात अतिनील किरण जवळपास नसतात आणि उष्ण अवरक्त किरणही अगदी थोडे, हा चित्रांसाठी मोठा दिलासा. चित्रांवरचा उजेड पूर्वीच्या पाच ते दहा पट झाला, तरी विजेचा खर्च किमान ६० टक्क्यांनी उतरला.

सिस्टीन चॅपेलचे दिवे बदलले त्याच २०१४ साली निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निळा एलईडी नसता तर पांढरा एलईडी प्रकाशही नसता.

सेंट पीटर्स बॅसिलिकानेही २०१९ मध्ये हीच वाट धरली. तिथे ७८० दिव्यांत मिळून सुमारे १,००,००० एलईडी आहेत, आणि विजेची बचत ९० टक्क्यांपर्यंत जाते.

लहान गावातल्या चर्चला एवढा खर्च झेपणार नाही, पण त्यामागचा विचार नक्की घेता येईल. दिवे घेताना वॅटबरोबर रंगनिष्ठेचा निर्देशांक पाहावा. तो ९० च्या वर असेल तर लाकडी वेदी, मूर्तींवरचे रंग आणि माणसांचे चेहरे खरे दिसतात. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दुकानाला शोभतो. प्रार्थनेच्या जागी ३००० केल्विनच्या आसपासची उबदार छटा हवी. वाचनाला जास्त आणि ध्यानाला कमी उजेड लागतो, म्हणून डिमरही हवा. विजेची बचत कोणताही एलईडी करून देईल. त्या उजेडात भिंतीवरच्या कारागिराचे काम त्याच्या मनात होते तसे दिसते का, हे मात्र दिवे निवडणाऱ्यानेच पाहायचे असते.