आजारांची कीर्द आणि खतावणी

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला कीर्द आणि खतावणी यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जातात. खतावणीत तेच व्यवहार खात्यानुसार लावले जातात. कीर्द कितीही चोख असली तरी खतावणी झाल्याशिवाय कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे याचा उलगडा होत नाही. आपल्या कुटुंबांतील ज्येष्ठांच्या आजारपणाची आजची अवस्था अशीच आहे. रिपोर्ट, चिठ्ठ्या आणि बिले यांची कीर्द घरोघरी भरपूर साठली आहे. खतावणी मात्र क्वचितच झालेली आढळते.

आमच्या नारायण पेठेत केळकर रस्त्याने किंवा लक्ष्मी रस्त्याने फेरफटका मारावा आणि एखाद्या औषधाच्या दुकानासमोर क्षणभर थांबावे. साठी-सत्तरीतल्या अनेक ग्राहकांच्या हाती एक नव्हे, तीन-तीन चिठ्ठ्या असतात. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. प्रत्येक जण आपल्या विषयात निष्णात. पण प्रत्येकासमोर आपलेच खाते उघडलेले. गुडघ्यासाठी दिलेली वेदनाशामक गोळी दीर्घकाळ घेतली तर काहींचा रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. या गोळीची माहिती नसेल, तर रक्तदाब वाढलेला पाहून दुसरे डॉक्टर आपल्या औषधाची मात्रा वाढवितात. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात. एकत्रित हिशेब तेवढा चुकलेला असतो.

बँकेत काम केलेल्यांना हा प्रकार परिचित आहे. संगणकीकरणापूर्वी एकाच ग्राहकाचे बचत खाते एका शाखेत, कॅश क्रेडिट दुसऱ्या शाखेत आणि जामीनकी तिसऱ्या ठिकाणी असे. प्रत्येक शाखेला आपल्यापुरते चित्र ठीक वाटे. कोअर बँकिंग आले, प्रत्येकाला एक ग्राहक क्रमांक मिळाला आणि त्याची सारी खाती एका पडद्यावर दिसू लागली. वैद्यकशास्त्रात आता असाच प्रयत्न सुरू आहे.

लाखो नोंदींतून काय दिसते

एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असण्याच्या अवस्थेला बहुव्याधिता म्हणता येईल. स्कॉटलंडमध्ये बहुतेक प्रत्येक नागरिक एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेला असतो आणि त्याची नोंद वर्षानुवर्षे एका जागी साठत जाते. अशा ३१४ दवाखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चाळीस आजारांची यादी घेऊन तपासले असता २३.२ टक्के लोकांना दोन किंवा अधिक आजार असल्याचे दिसले. वयानुसार हे प्रमाण वाढत होते. तरीही प्रत्यक्ष संख्या मोजली तर अशा व्यक्तींमध्ये पासष्टच्या आतील अधिक होत्या. गरीब वस्त्यांत ही अवस्था सधन वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी येत होती. कोणत्याही एका डॉक्टरला आपल्या दवाखान्यात बसून हे दिसले नसते.

आपल्याकडेही अशा वह्या लिहिल्या जात आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. त्याच व्यक्तींना पुढे पुन्हा भेटायचे, अशी तिची रचना आहे. पुण्याजवळ शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी के.ई.एम. रुग्णालयाच्या वतीने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्याच परिसरातील २२ गावांत २००२ पासून घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवली जाते. शहरात बसून ज्यांची नावेही ठाऊक नसतात, अशा कार्यकर्त्यांनी दारोदार फिरून केलेली ही नोंद कोणत्याही यंत्राचे मूळ भांडवल होय.

कृत्रिम बुद्धिमत्ता येथे जे करते त्यात चमत्कार नाही. ती रुग्णांचे वय, वजन, रक्तातील साखर, इन्सुलिनचे प्रमाण असे आकडे शेजारी ठेवून कोण कोणासारखा आहे ते पाहते आणि गट पाडते. माणसाला शंभर रुग्णांचे असे गट पाडता येतील. लाखांचे पाडण्यास यंत्र लागते.

वही परक्याची, निष्कर्ष आपल्यासाठी?

खरा प्रश्न यापुढे आहे. यंत्र ज्या वहीवर शिकले, ती वही कोणाची?

रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. परंतु प्रा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा नसतो, हे या एका छायाचित्राने आणि दोन आकड्यांनी दाखविले. युरोपीय शरीरासाठी आखलेली मर्यादारेषा जशीच्या तशी लावली, तर आपल्यातील अनेकांना ‘धोका नाही’ असा शेरा मिळेल.

पुढे २०१८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मधुमेह झालेल्या ८,९८० रुग्णांच्या नोंदी संगणकाला दिल्या. मधुमेहाचे परंपरेने मुख्यतः दोन प्रकार मानले जात. येथे पाच गट पडले. एका गटात इन्सुलिन फारच कमी तयार होत होते आणि त्यात डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचे प्रमाण अधिक होते. दुसऱ्या एका गटात इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नव्हते. तेथे मूत्रपिंडाचा विकार अधिक आढळला. आजाराचे नाव एकच, पण पुढे कोणता विकार जोडीला येईल हे गटावर अवलंबून होते.

हीच रीत पुण्यातील रुग्णांना लावून पाहिली गेली. वयाच्या ४५ वर्षांच्या आत मधुमेह झालेल्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे सर्वांत मोठा गट इन्सुलिनची तीव्र कमतरता असणाऱ्यांचा ठरला. त्याच वयोगटातील स्वीडिश रुग्णांत मात्र स्थूलतेशी निगडित गट मोठा होता. गणित तेच, वही बदलली आणि ताळेबंद बदलला. पुण्यातील नोंदी कोणी जपून ठेवल्या नसत्या, तर आपल्या तरुण रुग्णांना ‘वजन कमी करा’ एवढाच सल्ला मिळत राहिला असता.

ज्याची नोंद नाही, तो निरोगी?

वहीतला आणखी एक दोष व्यापाऱ्याच्या चटकन लक्षात येईल. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीचे परीक्षण २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यावे हे ठरविताना ती प्रणाली भविष्यातील खर्चाचा अंदाज घेई. कृष्णवर्णीय रुग्णांवर पूर्वीपासून खर्च कमी होत आला होता. परिणामी, प्रणालीने समान गुण दिलेल्या रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात अधिक आजारी होते. यंत्राने खर्चालाच आजार समजले होते.

आता आपल्या घराकडे पाहू. दुकान सांभाळणाऱ्या शेठजींची फाईल जाडजूड असते. घरातील बाई मात्र पायांची जळजळ, थकवा, चक्कर हे सारे ‘वयाचे आहे’ म्हणून अंगावर काढते. तिचे बिल नाही, तपासणी नाही, नोंद नाही. कोणतेही यंत्र वाचेल तेव्हा ती त्या घरातील सर्वांत निरोगी व्यक्ती ठरेल.

आपल्या आहार-आचाराचेही तसेच आहे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तीत ते मुळातच कमी असण्याचा संभव असतो. २००६ मध्ये पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांत ते कमी आढळले होते. बी-१२च्या अभावानेही पाय बधिर होतात आणि मधुमेहानेही होतात. आहार आणि औषध एका पानावर असल्याशिवाय हा गुंता सुटत नाही.

चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी नवकारसीपर्यंत पाणीही घेत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील साखर दीर्घ उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवी वाढविणारी औषधे चालू असतील तर शरीरातील पाणी घटते. अशा व्यक्तीने स्वतःहून गोळी बंद करणे जितके अयोग्य, तितकेच डॉक्टरांना न सांगता तपश्चर्येला बसणेही अयोग्य. परदेशी वहीवर शिकलेल्या यंत्राला चौविहार किंवा आयंबिल ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपणच नोंदविले पाहिजे.

नोंद द्यावी, पण डोळसपणे

मग आपली माहिती संशोधनाला द्यावी का? द्यावी, मात्र कोरा चेक देऊ नये. उपचारासाठी दिलेली संमती आणि संशोधनासाठी दिलेली संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्यापूर्वी माहिती कोणाकडे जाणार, नाव काढून टाकले जाणार का, आणि पुढे संमती मागे घेता येईल का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. केंद्र सरकारच्या योजनेतील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. त्याद्वारे निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी संमतीने जोडता येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. तरीही कोणत्याही मोफत अ‍ॅपवर घरातील रिपोर्ट चढविणे म्हणजे तिजोरीची किल्ली ओट्यावर ठेवण्यासारखे आहे.

यंत्र येईल तेव्हा येईल. घरची खतावणी आजच करता येते. घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, एक वही करावी. पहिल्या पानावर प्रत्येक आजार आणि तो कळल्याचे वर्ष लिहावे. दुसऱ्यावर चालू असलेले प्रत्येक औषध, मात्रा, वेळ आणि ते लिहून देणारे डॉक्टर. चूर्ण, काढा आणि अधूनमधून घेतली जाणारी वेदनाशामक गोळीही सुटू नये. तिसऱ्यावर साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांचे आकडे तारखेनुसार. चौथ्यावर चौविहार, उपवास, वर्ज्य पदार्थ आणि न सोसणारी औषधे.

ही वही सहा महिन्यांतून एकदा एकाच डॉक्टरांना आरंभापासून शेवटपर्यंत दाखवावी. ते जवळचे फॅमिली डॉक्टर असले तर उत्तम. यांतील कोणती गोळी आता अनावश्यक आहे, असे त्यांना स्पष्ट विचारावे. पर्युषणापूर्वी ही भेट झाली तर उपवासाचा निर्णयही त्यांच्या सल्ल्याने घेता येईल. दुकानाचा ताळेबंद दर वर्षी काढणाऱ्या आपल्या घरांना हे काम जड जाऊ नये.