जुन्या मोटारीचा पहिला आवाज

अँबॅसडर मोटारीची निर्मिती २०१४ साली थांबली. तरी ती जिव्हाळ्याने सांभाळणारे मालक आजही आहेत. अशी जुनी गाडी सकाळी सुरू करताना अपरिचित आवाज आला, तर तो कसा आहे याबरोबरच तो नेमका केव्हा आला, हे ध्यानात घ्यावे.

किल्ली फिरवूनही इंजिन न हलता नुसती ‘टकटक’ झाली, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या गंजलेल्या टोकांत असतो. स्टार्टर फिरताना खरखराट झाला, तर त्याच्या लहान चक्राचे वा फ्लायव्हीलच्या कड्याचे दाते झिजले असावेत. इंजिन सुरू होताच चीत्कार उठला, तर पंख्याचा पट्टा पाहावा. तो बहुधा सैल झालेला असतो.

खरी परीक्षा त्यानंतरची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल इंजिनाच्या तळाशी उतरते. पंप ते पुन्हा वर चढवीपर्यंत टॅपेट क्षणभर वाजतात आणि शांत होतात. त्यात भिण्याजोगे काही नाही. हलकी टिकटिक चालूच राहिली, तर टॅपेटमधील अंतर तपासून घ्यावे. परंतु खालून घणासारखा जड ठोका येत राहिला, किंवा तेलाच्या दाबाचा दिवा विझलाच नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे व प्रथम तेलाची पातळी पाहावी. क्रँक आणि बेअरिंग यांना परस्परांपासून दूर ठेवतो तो तेलाचा पातळ थरच. ‘इंजिन तापले की आवाज जाईल’ या आशेवर त्या स्थितीत गाडी चालविणे म्हणजे संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी ओढवून घेणे होय.